पेटी धाकट्याची, भाता माझा

हातपेटीला दोन हात लागतात. उजवा पट्ट्यांवर फिरतो, डावा मागचा भाता हलवतो. ऐकणाऱ्यांचे लक्ष उजव्या हाताकडे असते. लोणावळ्याच्या आमच्या लहानशा मराठी चर्चमध्ये ही पेटी माझे वडील वाजवत. ते गेल्यावर ती थोरल्या मुलाकडे येणार असे सगळ्यांनी धरले होते. थोरला मी. पेटी धाकट्याकडे गेली.

निर्णय चर्चच्या पाळकसाहेबांनी दिला. उपासना सुटली होती, लोक दारात चपला शोधत होते. कुणीतरी विचारले, आता पेटीचे काय? पाळकसाहेब म्हणाले, "थोरल्याची पेटी बरोबर असते. धाकट्याबरोबर लोक गातात." त्यांना कुणाला दुखवायचे नव्हते. विधान अचूक होते आणि म्हणूनच ते मला विसरता आले नाही.

वडिलांनी शिकवले होते मला. स्वर लिहून, बोटांची जागा सांगून, संध्याकाळच्या संध्याकाळ बसवून. त्या वेळी धाकटा बाजूला बसून चिक्कीचा चुरा खात असे. एके दिवशी त्याने हात पुसले, पेटी पुढे ओढली आणि मी ज्या गीतावर पंधरवडाभर अडलो होतो ते वाजवून दाखवले. वडील हसले. ते हसणे मला आजही दिसते. त्यात माझ्यासाठी काही नव्हते.

आमचे घर बाजारामागे होते, दोन खोल्यांचे. मागची भिंत आणि चिक्कीच्या भट्टीची भिंत एकच. लोणावळ्याच्या पावसात भात्याच्या कातड्यावर बुरशी चढते, सूर देणाऱ्या पितळी रीड काळ्या पडतात, पट्ट्या फुगून अडकतात. आमची भिंत मात्र पावसाळाभर कोमट आणि कोरडी. त्यामुळे जूनपासून गणपती होऊन जाईपर्यंत मंडळीची, म्हणजे चर्चची, पेटी आमच्या घरी, त्या भिंतीला टेकून राहायची अशी वडिलांच्या काळापासूनची रीत होती. रविवारी ती मेणकापडात गुंडाळून चर्चमध्ये न्यायची, उपासना झाली की परत आणायची. तिला गुळाचा वास लागला होता. मुंग्या आत शिरत. पाळकसाहेब म्हणत, "आमच्या मंडळीची स्तुती गोड का, ते मुंग्यांना विचारा."

मला पुण्याच्या एका दैनिकात मुद्रितशोधकाचे काम मिळाले, पुढे मी उपसंपादक झालो. सकाळच्या गाडीने जाणे, संध्याकाळी परत. तिथे मला शिकवले ते असे: आधी काय घडले ते सांगा, मग कुठे, मग कुणाला. वाटले काय, ते लिहू नका. धाकटा लोणावळ्यातच एका भातगिरणीत लागला. रविवारी तो पेटीवर बसायचा आणि मी तिसऱ्या ओळीत. खरे तर रविवारीही मी मुद्रितशोधनच करत होतो. तो एखादा स्वर गाळायचा, कधी कडव्याच्या शेवटी घाई करायचा. चूक सापडली की दुपारचे जेवण मला रुचकर लागे. पण मी चूक हेरत असे त्याच क्षणी माझ्या शेजारचा माणूस डोळे मिटून गात असे.

महाराष्ट्र राज्य झाले त्या वर्षीच्या थंडीत अपघात झाला.

दिवाळीनंतर पवनमावळातून, नाणेमावळातून भाताच्या गाड्या गिरणीकडे येत. हंगामात गिरणी दिवसभर चाले. सकाळी गारठा होता म्हणून धाकट्याने वडिलांचा पूर्ण बाह्यांचा स्वेटर घातला होता. बाही सैल होती. इंजिनाजवळ वाकताना डावी बाही पट्ट्यात गेली आणि बाहीबरोबर हात. दोष कुणाचा नव्हता. पवनमावळातले एक म्हातारे शेतकरी आपले भात घेऊन आले होते. त्यांना सगळे आबा म्हणत. त्यांनी हातातल्या बांबूने पट्टा चाकावरून उडवला, म्हणून तो वाचला. पुण्याच्या दवाखान्यात कोपराखाली हात कापावा लागला.

दुसऱ्या दिवशी मी कामावर गेलो, कारण घरी बसून दवाखान्याच्या भेटीची वेळ होण्याची वाट पाहणे मला जमले नसते. दुपारी टपालात लोणावळ्याच्या बातमीदाराचा मजकूर आला. भातगिरणीत अपघात, तरुण जखमी. त्याने उजवा हात लिहिले होते. मी 'उजवा' खोडून 'डावा' केले, दोन ओळी कमी केल्या आणि कागद पुढे दिला. तेव्हा मनात आलेला विचार जसा आला तसा लिहितो. यातही त्याचा उजवा वाचला.

पुढच्या रविवारी पाळकसाहेबांनी मला पेटीवर बसायला सांगितले. दुसरे कुणी नव्हते. नाताळ जवळ आला होता. तीन आठवडे मी पेटी वाजवली, नाताळच्या सकाळीही वाजवली. एकही स्वर चुकला नाही. लोक गायले, जरा संथ गायले. बाहेर पडताना बाया माझ्यापाशी थांबायच्या. "धाकटा कसा आहे? जखम भरली का? झोप लागते का?" मी उत्तरे द्यायचो. पेटीबद्दल कुणी काही विचारले नाही. मी वाजवत होतो आणि लोक त्याला आठवत होते.

तो घरी आला तेव्हा सगळी मंडळी आमच्या दोन खोल्यांत प्रार्थनेला जमली. काही जण गुडघ्यांवर, काही भिंतीला टेकून, काही बाहेर ओट्यावर. एकामागून एक सगळ्यांनी त्याच्यासाठी मागितले. कुणी लापशी आणली होती, कुणी संत्री. मी दारात उभा राहून चपला सरळ करत होतो. माझ्यासाठी कुणी प्रार्थना केली नाही. त्यांचे बरोबर होते, मला काही झाले नव्हते.

पण धाकटा चर्चमध्ये येईना. जखम भरली, पट्टी निघाली, तो बाजारात जाऊ लागला, गिरणीच्या मालकाने त्याला पावत्यांवर बसवले. रविवारी मात्र तो सदरा घालून तयार व्हायचा आणि ओट्यावर बसून राहायचा. जेवायचा, झोपायचा, कुणाशी भांडायचा नाही. आई म्हणायची, "भांडला आसता तर बरं झालं आसतं." आईचे माहेर नगरकडचे, पण इतक्या वर्षांत तिची बोली मावळी झाली होती.

एकदा ती त्याला म्हणाली, "चल की रं. मागं बस. नुसता टाळ्या वाजव."

तो म्हणाला, "आई, एका हातानं टाळी वाजत नाही. तूच सांगायचीस, आम्ही भांडलो की."

आईने पदर तोंडाला लावला. तो हसला, तिलाही हसवले, आणि जागचा हलला नाही.

आबा अधूनमधून बाजारहाटाला यायचे आणि त्याला बघून जायचे. ओट्यावर टेकायचे, तंबाखू मळायचे. "लय वंगाळ झालं," म्हणायचे. मग जरा थांबून, "तुमचा द्येव काय म्हनतो?"

"अजून काही बोलला नाही, आबा."

"आमचाबी न्हाई बोलत. पर तुमी लोकं म्हनता तुमचा बोलतो."

आईला भीती हाताची नव्हती. हात गेला ते तिने रडून घेतले होते. मुलगा देवापासून तुटेल, तुटलाच असेल, आणि हसत हसत सांगणारही नाही, ही तिची भीती होती. रोज पहाटे ती तेवढ्याच एका गोष्टीसाठी गुडघे टेकायची. मी पांघरुणातून ऐकायचो. माझ्या बाजूने सांगायचे तर, तो आला नाही तर पेटी माझी राहणार होती. आईचे मागणे मला ठाऊक होते आणि माझे हे गणितही. त्या प्रार्थनेला मी आमेन म्हणत असे, पण जरा उशिरा.

ईस्टरआधीच्या उपवासकाळात पाळकसाहेबांनी भावांनी खड्ड्यात टाकलेल्या मुलाच्या गोष्टीवर उपदेश केला. बापाचा लाडका, वेगळा अंगरखा घालणारा, भावांनी परदेशी व्यापाऱ्यांना विकलेला, आणि दुष्काळात त्याच भावांना धान्य देणारा. मी पेटीमागे, मंडळीकडे तोंड करून बसलो होतो. पाळकसाहेबांनी माझ्याकडे पाहिले नाही. पाहिले असते तर बरे वाटले असते. ते म्हणाले, देव वाईट पुसून टाकत नाही, तो त्याला वळवतो. शेतातले पाणी वळवतात तसे. पाणी तेच, मातीही तीच. मला वाटले, हे विधान छापायचे तर आधार विचारावा लागेल.

जून आला. पेटी मेणकापडात घरी आली आणि भिंतीला टेकली. धाकटा तिच्याकडे पाठ करून जेवायचा. माझ्या सवडीनुसार मी संध्याकाळी सराव करायचो. तेवढा वेळ तो बाहेर जायचा.

एका शनिवारी मला सुटी होती. मी पुढच्या खोलीत वर्तमानपत्र वाचत होतो. मागून बारीक टकटक ऐकू आली. उंदीर असेल असे वाटले. पण टकटकीला लय होती. तीन छोटे, एक लांब, मग सरकत वर. मी कागद खाली ठेवला. धाकटा पेटीवर बसला होता आणि उजव्या हाताने वाजवत होता. भात्याला हात नव्हता म्हणून हवा नव्हती आणि हवा नव्हती म्हणून स्वर नव्हते. फक्त पट्ट्या लाकडावर आपटण्याचा आवाज. पण गीत कोणते ते मला कळले, कडवे कोणते ते कळले, आणि तो त्या गीतात कुठे थांबतो, कुठे पुढे ओढतो, तेही कळले. स्वर नसताना ते माझ्या वाजवण्यापेक्षा चांगले होते. इतका हेवा मला आधी कधी वाटला नव्हता, नंतरही नाही. एका हाताचा माणूस मुकी पेटी वाजवत होता आणि दोन हातांचा दाराआड उभा राहून जळत होता.

आई चुलीपाशी होती. तिनेही ऐकले होते. ती माझ्याकडे बघून हळूच म्हणाली, "मोठ्या, जा. भाता मार त्येचा."

"त्याला नको असेल."

"त्येला काय हवं ते मी तुला इचारलं न्हाई."

मी गेलो. पेटीच्या पलीकडे, त्याच्या समोर बसलो आणि भाता उघडला. तो थांबला. "नको, दादा."

"आईनं सांगितलंय."

"मग मार. आईपुढं कुणाचं चालतंय?"

मी भाता मारला. पेटी भोकाड पसरल्यासारखी ओरडली. त्याने दोन ओळी वाजवल्या आणि हात उचलला. "दादा, तू भाता मारतोयस का बंब पेटवतोयस?"

"तुझ्या स्वराला हवा पुरत नव्हती."

"पुरतेय. जास्त झाली. गुदमरायला होतंय मला."

मी हळू केले. मग सूर मध्येच विझला. तो म्हणाला, "आता मेलो."

मी त्याला सांगितले की लय बघून चार मात्रांना एकदा मारतो, ते शास्त्रशुद्ध होईल. तो म्हणाला, "मोजू नको. तू मोजतोस म्हणून सगळं बिघडतं. ओळ सुरू करायच्या आधी मी श्वास घेतो. तो बघ. मी घेतला की तू घे, मग भाता आपोआप बरोबर येईल."

मला ते मूर्खपणाचे वाटले. पण दुसरा उपाय नव्हता. मी त्याच्या तोंडाकडे बघत बसलो. त्याची छाती वर आली की मीही श्वास घेत होतो आणि भाता ओढत होतो. तिसऱ्या कडव्याला पेटी घशातून गायल्यासारखी वाजली. भाता मारणाऱ्याच्या हातात काय असते ते मला तेव्हा समजले. स्वर कोणता, ते तो ठरवत नाही. स्वर जिवंत किती, ते ठरवतो. वडिलांनी मला हे कधी शिकवले नव्हते. माझा डावा हात इतकी वर्षे काय करत होता याकडे मी पाहिलेच नव्हते.

त्यानंतर रोज संध्याकाळी गाडीवरून आलो की चहा घ्यायचा आणि भात्याला बसायचे. भिंतीपलीकडे गूळ उकळत असायचा. भट्टीवरचे कामगार आमच्या लयीत शेंगदाणे परतत आणि आम्ही थांबलो की भिंतीवर उलथने वाजवत, "ए, वाजवा की!"

एकदा मी त्याला विचारले, "तुला राग येत नाही?"

"येतो. सकाळी जाग येते ना, तेव्हा हात आहे असं वाटतं. बोटं खाजतात. बघतो तर नाही. मग मी देवाला म्हणतो, ठीक आहे, हा तर गेला. आता तू काय करतोस ते बघू."

"आणि काय करतो तो?"

"इतके महिने काहीच नाही. मग त्या शनिवारी तुला पाठवलं."

"मला आईनं पाठवलं."

"आईला कुणी पाठवलं?"

पेटीचा हेवा मला जुना होता, त्याची सवय झाली होती. हा नवा होता. घडून गेलेलेच छापायचे, अशा धंद्यात माझी वर्षे गेली होती. हा रोज सकाळी अजून न घडलेल्या गोष्टीची वाट बघत होता, हात नसलेल्या बाहीने. माझ्याकडे हात होते, नोकरी होती, पेटीही होती आणि मी कशाचीच वाट बघत नव्हतो. त्याची आशा मला हवी होती. ती मागायला लाज वाटत होती, कारण मागायची तर ज्याच्याकडे तो मागत होता त्याच्याकडेच मागावी लागली असती.

त्या रात्री झोपण्याआधी मी गुडघे टेकले. प्रार्थना म्हणून मी जे बोललो ते फार थोडे होते. प्रभू, याच्याकडे जे आहे त्याचा मला हेवा वाटतो. मला तेच दे. सभ्य शब्द सापडले नाहीत. ती माझी पहिली खरी प्रार्थना होती असे आता वाटते.

लगेच काही घडले नाही. श्रावणातल्या एका रविवारी मी नेहमीसारखी पेटी मेणकापडात गुंडाळली आणि उचलली. धाकटा सदरा घालून ओट्यावर बसला होता. तो उठला, कोपऱ्यातली छत्री घेतली. "पेटी भिजेल. छत्री मी धरतो."

"मेणकापड आहे."

"भोक आहे त्याला."

भोक नव्हते. आई मागून येत होती. मला वाटते तिने श्वासही घेतला नसेल. आम्ही बाजारातून निघालो. पेटी माझ्या दोन्ही हातांत, छत्री त्याच्या एका हातात, आणि ती पूर्ण पेटीवर. चर्चच्या पायरीपर्यंत आम्ही दोघे चिंब भिजलो. पेटी कोरडी होती.

पायरीवर तो अडला. आत लोक बसले होते. पाळकसाहेब दारात आले, त्याच्याकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले. "आज पेटीवर कोण?"

वाजवणारा मंडळीकडे तोंड करून बसतो आणि भाता पेटीच्या पलीकडच्या बाजूला, मंडळीच्या बाजूला असतो. दुसऱ्याने भाता मारायचा तर त्याने मंडळीकडे पाठ करून बसायचे. मी आत गेलो, पेटी ठेवली, आणि मंडळीकडे पाठ करून बसलो. पाळकसाहेबांना ते उत्तर पुरले. ती जागा सोडताना मला उदार वाटले नाही. दात काढून घेताना वाटते तसे वाटले. मी भात्यावर हात ठेवून थांबलो. समोरची जागा रिकामी होती. ती बराच वेळ रिकामी राहिली. मग ओले पाय वाजले आणि तो येऊन बसला.

त्याने श्वास घेतला. मीही घेतला.

लोक गायले. कसे गायले ते मी पाहिले नाही, माझी पाठ होती. ऐकले मात्र. पहिल्या कडव्याला आवाज थोडे होते, दुसऱ्याला वाढले, आणि आईचा आवाज कुठेच नव्हता. ती रडत होती, हे नंतर कळले. माझ्यासमोर एकच तोंड होते. मी त्याच्या चुका शोधायला विसरलो, कारण श्वास बघायचा होता.

उपासनेच्या शेवटी साक्ष देण्याची वेळ असते. ज्याला देवाविषयी काही सांगायचे असेल तो उभा राहतो. धाकटा उभा राहिला.

"माझा हात परत आला नाही," तो म्हणाला. "येणारही नाही. मी देवाकडे हात मागितला होता. त्याने भाऊ दिला. भाऊ आधीही होता, नाही असं नाही. पण तो तिसऱ्या ओळीत बसून माझ्या चुका मोजायचा."

लोक हसले. मी पाठ करून बसलो होतो हे बरे झाले. त्याला माहीत होते. सुरुवातीपासून माहीत होते, आणि इतकी वर्षे त्याने मला मोजू दिले होते.

बाहेर पडवीत आबा घोंगडीची खोळ डोक्यावर घेऊन उभे होते. बाजाराला आले होते आणि आवाज ऐकून थांबले होते. म्हणाले, "येक वाजिवतो नि येक वारा घालतो व्हय? लग्नात नवरदेवाला घालत्यात तसा?"

धाकटा म्हणाला, "आबा, वारा थांबला की नवरदेव मुका."

"मंग वाऱ्यालाच हार घाला की," आबा म्हणाले आणि माझ्या पाठीवर थाप मारून पावसात चालू लागले. त्या दिवशी माझ्या वाट्याला आलेली तेवढीच दाद. मी ती घेतली.

पुढे वर्षभर आम्ही असेच बसलो. हेवा गेला असे लिहिणे खोटे ठरेल. लोक त्याच्याशी बोलायचे आणि मी पेटी झाकायचो. लग्नाच्या वेळी दुसऱ्या मंडळ्यांतून बोलावणे आले की ते त्याच्या नावाने यायचे, मी सामानासारखा बरोबर जायचो. पण भात्यावर असताना हेव्याचा उपयोग व्हायचा. त्याच्याकडे इतके बारकाईने पाहण्याची सवय मला हेव्यानेच लावली होती. तो कुठे थांबेल, कुठे घाई करेल, हे दुसऱ्या कुणाला माहीत नव्हते, आईलाही नाही. तिसऱ्या ओळीतल्या सगळ्या रविवारांत मी ते शिकलो होतो. देवाने तो हेवा माझ्यातून काढला नाही. त्याला भात्याला जुंपले. पाळकसाहेबांच्या पाणी वळवण्याच्या विधानाला मला मिळालेला आधार हा. यापेक्षा मोठा माझ्याजवळ नाही.

मग पायपेटी आली. खंडाळ्याच्या बाजूला एका बंगल्यातले वृद्ध जोडपे मुलाकडे राहायला निघाले होते. त्यांनी जाताना ती मंडळीला दिली. तिचा भाता पायांनी चालतो, हात मोकळे राहतात. चार माणसांनी ती टांग्यातून आणली. धाकट्याने स्टूल ओढले, पायांनी हवा भरली आणि वाजवायला लागला. एकटाच. पाळकसाहेबांनी हात जोडले. आई म्हणाली, "बघा, द्येवानं ऐकलं." सगळे भोवती उभे होते आणि मी जुन्या पेटीवरची धूळ पुसत होतो. आता मला एका लाकडी यंत्राचा हेवा वाटत होता. धाकट्याला माझी गरज उरली नव्हती. मी तिसऱ्या ओळीत परत जाणार होतो आणि या वेळी तिथे बसून मोजण्यासारखेही काही नव्हते.

त्याने वाजवणे थांबवले. "दादा, ती पेटी उघड."

"आता कशाला?"

"उघड तर. सूर जुळतो का बघू दोघींचा."

मी भाता मारला, त्याने वाकून एक पट्टी दाबली, मग आपल्या पेटीवरची तीच दाबली. जुनीचा सूर किंचित चढा होता. "जुळवून घेता येईल," तो म्हणाला. "तू ती वाजव, मी ही. मी रोज हेच मागत होतो."

"काय?"

"तुझा उजवा हात मोकळा व्हावा म्हणून. वर्षभर माझ्यासाठी अडकून पडला."

मी भात्यावर डावाच हात वापरत होतो, हे मी त्याला सांगू शकलो असतो. सांगितले नाही. माझ्यासाठी कुणी प्रार्थना करत नाही असे मी धरून चाललो होतो. वर्षभर रोज सकाळी ती कुणीतरी करत होते, आणि समोर बसून त्याचा श्वास बघूनही मला कळले नव्हते. आधी मला याचाही हेवाच वाटला. मला सुचायला हवे ते याला सुचले होते. मग तो विरला. पुरता नाही, पण मी बसलो आणि पेटी पुढे ओढली.

त्या रविवारी दोन पेट्या वाजल्या. मी स्वर मोजले नाहीत. त्याने श्वास घेतला की मीही घेत होतो, एवढेच केले, आणि मध्ये एका कडव्याला माझे बोट चुकले तेव्हा मी थांबून पुन्हा धरले.

घरी आल्यावर मी आईला विचारले, "कसं झालं?"

आई तांदूळ निवडत होती. "धाकट्याचीच ऐकू येत व्हती," ती म्हणाली.

तिने सूप हलवले, एक खडा बाहेर फेकला.

"तुजीबी व्हती. मधी थांबलास न्हवं, तवा कळलं. गानं येकदम उगडं पडलं." मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "थांबू नगं म्होरल्या टायमाला."

मी पेटीचे कापड काढले आणि तेच कडवे पुन्हा बसवायला घेतले.